पाठीचं माप

ऑपरेशनच्या आधी काढलेल्या शेवटच्या एक्स-रेत माझा कणा ५४ अंशांनी वाकलेला आहे. नंतरच्या पहिल्या एक्स-रेत १७. कणा असा बाजूला वाकतो त्याला स्कोलिओसिस म्हणतात. दोन्ही फिल्म शेजारी धरल्या की बघणाऱ्याच्या तोंडून 'अरे वा' निघतंच. बाबांनी त्यांचे फोटो फोनमध्ये ठेवले होते आणि २०१८च्या त्या उन्हाळ्यात भेटायला आलेल्या एकूण एक माणसाला दाखवले. माझ्या पाठीचेही आधीचे-नंतरचे फोटो आहेत. ताठ उभी असतानाचे आणि कमरेतून वाकलेली असतानाचे. ते कोणी मागत नाही. मुलीच्या उघड्या पाठीचे फोटो पाहुण्यांना कोण दाखवणार, हे एक. आणि वाकलेल्या फोटोंतला फरक काही 'अरे वा' म्हणावा एवढा नाही, हे दुसरं.

पण मला त्या फोटोंचंच पडलं होतं. बाक किती अंश, फ्यूजन म्हणजे मणके एकमेकांना जोडणं कुठून कुठपर्यंत, स्क्रू किती, हे सगळं मोठी माणसं बोलत होती. ऑपरेशननंतर माझी पाठ कशी दिसेल, हा प्रश्न मात्र कित्येक महिने कुणी काढलाच नाही. मी काढायला गेले की आई म्हणायची, "अगं, आधी नीट तर होऊ दे. दिसण्याचं काय घेऊन बसलीस?"

दिसण्यावरूनच तर सगळं सुरू झालं होतं. डहाणूकर कॉलनीत आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहतात. मी सातवीत असताना मावसबहिणीच्या लग्नासाठी त्यांच्याकडे परकर-पोलकं टाकलं. काकूंनी मानेपासून कमरेपर्यंत टेप लावली, वहीत आकडा लिहिला, थांबल्या, पुन्हा टेप लावली. मग मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आईला म्हणाल्या, "अहो, हिचा डावा खांदा उतरलाय. आणि उजवीकडे पाठीत कापड जास्त लागतंय. दोन्हीकडे एकच माप धरलं तर पोलकं मागून उचलणार." आईने आधी दप्तरावर ढकललं, मग माझ्या पोक काढून बसण्यावर. पण लग्नात तिचं लक्ष सारखं माझ्या पाठीकडेच होतं, हे मला कळत होतं.

शेवटी आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मला शर्ट काढून पाय जुळवायला सांगितले, हात जोडायला सांगितले आणि म्हणाले, "आता जमिनीकडे वाक." ते मागे उभे राहिले. ही तपासणी विल्यम अॅडम्स या इंग्रज सर्जनने १८६५ साली सांगितली आणि अजूनही तीच करतात. मी वाकल्यावर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच आली. त्या उंचवट्यावर डॉक्टरांनी एक छोटं उपकरण आडवं ठेवलं. गवंड्याच्या लेव्हलमध्ये बुडबुडा सरकतो तशी त्यात एक गोळी सरकत होती. त्याला स्कोलिओमीटर म्हणतात. त्यावर पाठीचा कल मोजतात. एक्स-रेवर कण्याचा बाक मोजतात. ती पद्धत अमेरिकी डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली. म्हणजे माझ्या फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून दोन वेगळे आकडे होते. घरात कायम चर्चा झाली ती एकाचीच.

हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले नसतात, कारण स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, त्याला पीळही पडतो. बाकाच्या मधले मणके स्वतःभोवती फिरतात. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे मणका फिरला की एका बाजूच्या बरगड्या मागे ढकलल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या पुढे येतात. माझा बाक उजवीकडे होता. म्हणून पाठीत उजवीकडे उंचवटा, त्याच्यावर चढून बसल्यासारखं खांद्याचं पातं; धड उजवीकडे सरकलेलं, त्यामुळे उजवा हात अंगापासून सुटा लोंबणारा आणि डावीकडे कंबरेचं हाड बाहेर; आणि पुढून बघितलं तर डाव्या बाजूच्या बरगड्या वर. या शेवटच्या गोष्टीने मला आठवी-नववीत जेवढं छळलं तेवढं पाठीच्या उंचवट्यानेही छळलं नाही. एक्स-रे हे सपाट चित्र. त्यात बाक दिसतो, पीळ अंदाजाने कळतो आणि यातलं बाकी काहीच दिसत नाही.

नातेवाइकांनी आपापली कारणं आणि उपाय दिले. आजीच्या मते शाळेच्या ढोल पथकाने घात केला. आत्याने दारात बार बसवून रोज लोंबकळायला सांगितलं, एका काकांनी नारायण तेलाचं मालिश. एकांनी माझ्यादेखत आईला विचारलं, "लग्नाचं कसं व्हायचं पुढे?" मी तेरा वर्षांची होते. खरं तर वाढीच्या वयात, दहा ते अठराच्या दरम्यान दिसणाऱ्या या प्रकाराचं नेमकं कारण कळलेलं नाही. घराण्यात असतो एवढं माहीत आहे. दप्तराने, ढोलाने किंवा वाकडं बसण्याने तो होत नाही. शंभरात दोन-तीन मुलांच्या पाठीत दहा अंशांहून जास्त बाक सापडतो. त्यातल्या बहुतेकांना कधीच काही करावं लागत नाही. मोठे बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी जास्त.

आठवीत ब्रेस आला. प्लास्टरचं माप घेऊन बनवलेलं काखेपासून खुब्यापर्यंतचं प्लास्टिकचं कवच. एप्रिलमध्ये तो घालून पुण्यात राहून बघावं. आत शिवण नसलेला बनियन घालायचा, तरी घामोळं यायचंच. २०१३ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, न घालणाऱ्यांमध्ये ४८ टक्के. डॉक्टरांनी आम्हाला हे आकडे सांगितले होते. मी उरलेल्या २८ टक्क्यांत निघाले. ३४ चे ४१ झाले, दहावीच्या सहामाहीनंतर ५४.

५० अंशांच्या पुढचा छातीतला बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो, म्हणून ऑपरेशन. फुप्फुसांवर खरा ताण यायला बाक याहून पुष्कळ मोठा व्हावा लागतो. मला दम लागत नव्हता, पाठही फारशी दुखत नव्हती. म्हणजे मला आज होणारा त्रास असा काही नव्हता, पुढे होणारा थांबवायचा होता. आज जे होतं ते दिसणंच होतं. घरात बोर्डाच्या परीक्षेनंतरची तारीख ठरली. मार्चमध्ये पेपर, एप्रिलमध्ये ऑपरेशन, जुलैपर्यंत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या याद्या लागतील तोवर मी उभी. बाबांनी हे सगळं कॅलेंडरवर लिहून काढलं होतं.

मेडिक्लेम कंपनीने मधेच खोडा घातला. त्यांचं पत्र आलं: हा आजार जन्मजात आहे का, आणि हे ऑपरेशन सौंदर्यासाठी आहे का, ते कळवावं. बाबांचा पारा चढला. डॉक्टरांनी पत्र दिलं की हा वाढीच्या वयातला स्कोलिओसिस आहे, जन्मजात नाही, आणि बाक वाढू नये म्हणून ऑपरेशन गरजेचं आहे. मंजुरी मिळाली. पण त्या पत्रापत्रीचा एक परिणाम असा झाला की यापुढे दिसण्याचा 'द'सुद्धा काढायचा नाही असा घरात अलिखित नियम झाला. जणू मी आरशासमोर हळहळताना दिसले तर कंपनी पैसे परत मागेल.

तरी ऑपरेशनच्या आधीच्या शेवटच्या भेटीत मी विचारलंच. आई फाईल आवरत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, नंतर पाठ कशी दिसेल?" आईने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं झालं विचारलंस. बस."

त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवलं होतं. धड मधोमध येईल, कमरेच्या दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या होतील. हा फरक सगळ्यात जास्त दिसतो आणि कपड्यांतूनही दिसतो. खांद्यांची खात्री देता येत नाही. आज उजवा वर आहे, बाक सरळ केला की काही दिवस डावा वर जाईल, मग बहुतेक वेळा शरीर जुळवून घेतं. उंचवटा कमी होईल, जाणार नाही. "मी मणके हलवू शकतो, थोडे उलटे फिरवूही शकतो. पण तुझ्या बरगड्या तीन-चार वर्षं पिळलेल्या कण्याबरोबर वाढल्यात. त्यांची स्वतःची गोलाई बदललीय. ती कापल्याशिवाय बदलत नाही. उभी असताना कुणाला कळणार नाही. वाकलीस की दिसेल."

मग कापण्याबद्दल. त्याला थोरॅकोप्लास्टी म्हणतात. उंचवट्याच्या चार-पाच बरगड्यांचे छोटे तुकडे काढतात. काही महिन्यांत हाड परत भरून येतं आणि तो भाग सपाट होतो. तेच तुकडे कण्यात हाड भरायलाही वापरता येतात. किंमत अशी की दुखणं जास्त, कधी फुप्फुसाशेजारी नळी घालावी लागते आणि श्वासाची ताकद काही काळ कमी होते. हल्लीच्या स्क्रूंनी मणके बऱ्यापैकी फिरवता येतात, त्यामुळे ते स्वतः हे सरसकट करत नाहीत, पण पाठीचा कल जास्त असेल आणि मुलीला तेच महत्त्वाचं वाटत असेल तर करतात. माझा कल १७ अंश होता. आई 'नको नको' म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "तिला बोलू द्या." मीही नको म्हटलं, पण आईच्या कारणासाठी नाही. मी गाणं शिकत होते आणि श्वासाला धक्का नको होता. नंतर फिजिओकडे भेटलेल्या एका मुलीने ते करून घेतलं होतं. तिची पाठ वाकल्यावरही माझ्यापेक्षा सपाट आहे आणि ती खूश आहे. मला तिचा हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही, पण पुन्हा निवड करायची झाली तरी मी हीच करेन.

आजी ऑपरेशनला घाबरत होती. त्या भीतीचं मूळही तेव्हाच कळलं. तिच्या ओळखीतल्या एका बाईंचं ऑपरेशन तरुणपणी, जुन्या पद्धतीने झालं होतं. त्यांची पाठ बाजूने पाहिली तर अगदी सपाट आणि चालताना त्या किंचित पुढे झुकलेल्या. ती हॅरिंग्टन रॉडची पद्धत. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या मुलांवर काम करता करता ती बसवली आणि १९६२ साली प्रसिद्ध केली. कण्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला हूक, मध्ये रॉड, आणि ताण द्यायचा. बाक कमी व्हायचा, पण पीळ तसाच राहायचा, म्हणजे उंचवटाही राहायचा. वर ताणल्यामुळे पाठीची नैसर्गिक गोलाई जायची. रॉड वळवून, फिरवून बसवायची कल्पना फ्रान्समधल्या कॉत्रेल आणि द्युबुसे यांची, १९८०च्या दशकातली. प्रत्येक मणक्यात स्क्रू घालून तो धरायचं तंत्र त्यानंतर कोरियातल्या सर्जनांनी छातीच्या कण्यात रुळवलं. डॉक्टरांनी आजीला हे सगळं समजावलं. आजीने ऐकून घेतलं आणि निघताना सारसबागेतल्या गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोलली.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे, मी झोपले होते. पालथं झोपवून मानेच्या खालपासून कमरेपर्यंत एक लांब छेद, स्नायू बाजूला, चौथ्या छातीच्या मणक्यापासून पहिल्या कमरेच्या मणक्यापर्यंत स्क्रू, दोन रॉड, आणि माझ्याच मणक्यांच्या मागच्या टोकांचा चुरा करून मध्ये भरलेला. तो चुरा पुढच्या सहा ते बारा महिन्यांत जुळून अखंड हाड होतं. त्यानंतर धरून ठेवायचं काम ते हाड करतं. पूर्ण वेळ मज्जारज्जूचे संदेश मशीनवर बघत असतात. शुद्धीवर आल्यावर ऐकलेलं पहिलं वाक्य, "पायाचा अंगठा हलव." हलवला. "दुसरा." तोही हलवला. मग परत झोपले. आयसीयूतली रात्र वाईट होती. औषधाने मळमळ आणि नाकाला खाज. एक मावशी रात्रभर येऊन ओला कापूस ओठांवरून फिरवून जायच्या.

दुसऱ्या दिवशी फिजिओने उभं केलं. कूस बदलायची ती सगळं अंग एकदम, खांदा आणि कंबर एकाच वेळी, मग पाय खाली, मग उठायचं. उभी राहिले आणि ओरडले, "मी डावीकडे पडतेय!" कोणी मला धरेना. समोर वॉर्डातला आरसा होता, त्यात मी सरळ उभी होते. डोळे मिटले की वाकडी, उघडले की सरळ. चार वर्षांत डोक्याने उजवीकडे सरकलेलं धड म्हणजेच सरळ असं धरलं होतं, ते सुटायला काही आठवडे गेले. उंचीही साधारण चार सेंटिमीटर वाढली. आईला हे पटेना, तिने घरी आल्यावर दाराच्या चौकटीवरच्या जुन्या पेन्सिलच्या खुणेशी पाठ लावून बघितलीच.

घरी येतानाचा रिक्षाप्रवास मी विसरायचा प्रयत्न करते. कर्वे रस्त्यावर तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते. रिक्षावाल्या काकांनी मात्र प्रत्येक खड्ड्याआधी "ताई, धरा" म्हणून सांगितलं.

पाठ पहिल्यांदा बघितली ती ड्रेसिंग निघाल्यावर, आईच्या फोनवर. सूज होती, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच फुगलेल्या. मला वाटलं, उंचवटा गेला! महिन्याभरात सूज उतरली आणि तो होता. लहान झालेला, पण होता. कपाटाच्या आरशाकडे पाठ करून हातात छोटा आरसा धरला की उजवं पातं अजून किंचित वर दिसायचं. रडू आलं. त्याच आरशात कंबर मात्र दोन्हीकडे सारखी दिसत होती, आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदा, आणि उजवा हात अंगालगत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. बाबांना मी हे सांगायला गेले तर त्यांनी एक्स-रे उघडून दाखवला.

तीन महिन्यांनी स्कोलिओमीटर पुन्हा लावला: ९ अंश. बाक जवळजवळ सत्तर टक्के गेला आणि पाठीचा कल निम्मा गेला, असा हिशोब. दोन वर्षांनी कल १० होता. थोडा उंचवटा परत येतो हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या एका अंशाने झोप उडाली नाही.

खांद्यांचंही त्यांनी सांगितल्याप्रमाणेच झालं. आधी माझी ओढणी डाव्या खांद्यावरून घसरायची. ऑपरेशननंतर ती उजव्यावरून घसरायला लागली. अकरावीचं जवळजवळ पूर्ण पहिलं सत्र मी ओढणीला पिन लावून काढलं. फोटोत डावा खांदा चांगलाच वर दिसतो. पुढे हळूहळू दोन्ही सारख्या पातळीवर आले. मणका जिथे जोडला नाही तिथे, मानेच्या खाली, शरीराने स्वतःचा हिशोब जुळवला असणार.

बाजूने बघितलं तर मी आता जरा जास्तच ताठ आहे. स्कोलिओसिसमध्ये छातीच्या मणक्यांची पुढे-मागे असणारी गोलाई मुळातच कमी झालेली असते, म्हणून रॉड बसवण्याआधी सर्जन तो हाताने वाकवून घेतात. ती गोलाई काही अंशी परत आली आहे, पूर्ण नाही. कॉलेजात सगळे विचारायचे, "भरतनाट्यम करतेस का?" पोक काढून सोफ्यात लोळायची इच्छा होते तेव्हा लोळता येत नाही. पीएमपीच्या बसमधल्या प्लास्टिकच्या सीटवर टेकलं की स्क्रूची डोकी टोचतात, मी बारीक आहे म्हणून जास्त. आणि जखमेच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची बधिर पट्टी आहे. तिथे खाज सुटते, खाजवलं तर बोटाला त्वचा लागते पण त्वचेला बोट लागत नाही, आणि खाज तशीच. व्रण खाली बारीक रेघ आहे, वर पात्यांच्या मध्ये रुंद आणि जाड झालाय. सिलिकॉनच्या पट्ट्यांनी थोडा बसला. पुढच्या बरगड्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पुरुष डॉक्टरांना आणि वडिलांसमोर ते कसं विचारणार?

सगळ्यात नेमकं माप मात्र काकूंच्या वहीत निघालं. दहावीच्या सेंड-ऑफला साडीवरचा ब्लाऊज त्यांनीच शिवला होता. तेव्हा मी पदर मुद्दाम गुजराती पद्धतीने घेतला होता, कारण तो पाठीवरून उजव्या खांद्यावर येतो आणि उंचवटा झाकतो. काकूंनी डाव्या पाठीत अस्तराखाली पातळ फोमही घातला होता. पुढे बारावीत असताना आतेभावाच्या लग्नासाठी पुन्हा माप द्यायला गेले. काकूंनी जुनी वही काढली, माझ्या नावाचं पान उघडलं आणि शेजारी नवे आकडे लिहिले. आधी: पाठीची उंची उजवीकडे सव्वापंधरा, डावीकडे चौदा. आता: उजवीकडे साडेपंधरा, डावीकडे पंधरा. सव्वा इंचाचा फरक अर्ध्या इंचावर आला होता. "फोम नको आता," काकू म्हणाल्या, "डाव्या मुंढ्यात थोडं दाबून घेते, काम भागेल. गळा किती खोल ठेवू?" हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. व्रण दिसेल म्हणून आईने 'बंदच ठेवा' म्हटलं. मी बोटाने दाखवलं, इथपर्यंत. व्रणाचा वरचा भाग दिसतो त्यात. लग्नात दोघीतिघींनी विचारलं, मी सांगितलं, आणि विषय जेवणाच्या पंगतीकडे गेला.

दोन वर्षांच्या तपासणीला एक प्रश्नावली भरायची असते, एसआरएस-२२ नावाची. दुखणं, रोजची कामं, मनःस्थिती, दिसणं आणि उपचारांबद्दलचं समाधान, असे भाग. इंग्रजीत होती. त्यात एक प्रश्न असा आहे की आता पाठ आहे तशीच आयुष्यभर राहिली तर तुला कसं वाटेल. म्हणजे मी ज्यावरून घरात गप्प बसवली गेले होते, ते जगभरचे स्कोलिओसिसवाले डॉक्टर छापील कागदावर विचारतात! मी 'बऱ्यापैकी खूश' वर खूण केली. सगळ्यात वरचा पर्याय सोडून त्याखालचा. डॉक्टरांना विचारलं, एक्स-रे चांगला असलेली मुलं जास्त खूश असतात का? ते म्हणाले, तसा संबंध आहे, पण बराच सैल. ३० अंश उरलेली एखादी मुलगी बिनधास्त असते आणि १० अंशांवाली एखादी आरशासमोरून हलत नाही.

गेल्या महिन्यात फिजिओंच्या ओळखीने चिंचवडच्या एका बाईंचा फोन आला. मुलगी नववीत, बाक ५० च्या पुढे, ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत. बाईंनी एक्स-रे मागितले, पाठवले. मग पाठीमागून मुलीचा आवाज आला, "आई, त्यांना विचार ना, गरब्याला मागून खोल गळ्याची चोळी घालता येते का?" मी म्हटलं फोन तिच्याकडेच द्या. तिला उभ्याचे फोटो पाठवले आणि वाकलेलेही, आधीचे-नंतरचे चारही. म्हटलं, चोळी घालता येईल, व्रण दिसेल. गरबा मात्र डॉक्टर सोडतील तेव्हाच. डॉक्टरांना विचार, तुझ्या पाठीचा कल आज किती आणि नंतर किती उरेल. खांद्यांचं काय होईल. बरगड्या कापायच्या का नाही आणि का. कुठल्या मणक्यापर्यंत जोडणार, कारण कमरेत जितकं खाली जाल तितकं वाकणं कमी. पुढच्या बाजूचंही विचार, हवं तर आईला बाबांना बाहेर पाठवायला सांग. आणि पाठीचे फोटो एकाच खोलीत, एकाच अंतरावरून काढून ठेवा, नाहीतर नंतर तुलना करताना फक्त उजेडातला फरक दिसतो.

तिने शेवटी विचारलं, हॉस्पिटलमधून आल्यावर घालायला काय घेऊन ठेवू. पुढून पूर्ण बटणं असलेले सुती गाऊन, सैल, दोन-तीन. तुळशीबागेत डोक्यातून घालायचेच जास्त दिसतात. ते घालायला हात वर करावे लागतात आणि पहिले काही आठवडे ते जमत नाही. कापड घेऊन शिवून घेतलेले बरे. आणि चपला सरकवून घालायच्या, नाडीच्या बुटांसाठी वाकायला मिळणार नाही.